पेन्काच्या छापखान्यातला राखाडी डबा

मित्रांनो, संगणकाच्या पेटीत मागच्या कोपऱ्यात एक राखाडी पत्र्याचा डबा असतो. त्यातून रंगीत वायरींचा झुबका बाहेर येतो आणि पाठीला एक पंखा फिरत असतो. तुम्ही त्याच्याकडे कधी निरखून पाहिले नसेल. मी तसाच एक जुना डबा आहे. तुमच्याकडचे दुरुस्तीवाले मला एसएमपीएस म्हणतात, कुणी पॉवर सप्लाय म्हणते. भिंतीतून येणारी वीज संगणकाला जशीच्या तशी पचत नाही. ती मी घेतो, बेताची करतो आणि पेटीत ज्याला जेवढी लागते तेवढी वाढतो. पंगतीत वाढप्याची आठवण कधी होते? वाढायला उशीर झाला की! माझेही तसेच आहे. तरीही माझ्या मनात तक्रार नाही. का नाही, तेच सांगायला बसलो आहे.

माझा जन्म दक्षिण चीनमधल्या एका कारखान्यात झाला. ओळीने बसलेल्या बायकांनी माझ्यात एकेक भाग बसवला. मग आम्हा भावंडांना एका तापलेल्या खोलीत नेऊन चार तास पूर्ण ओझ्याखाली चालवले. मला वाटले, आपण पास झालो. पण शेवटच्या टेबलावर निळ्या बाह्यांची एक बाई बसली होती. तिने मला कानाशी धरून हलवले, माझ्यावर लाल चिठ्ठी चिकटवली आणि मागे पाठवून दिले. माझा एक कपॅसिटर, म्हणजे वीज साठवणारा भाग, नीट चिकटला नव्हता, पायावर जरासा डुलत होता. माझी भावंडे खोक्यात बसून पुढे निघाली आणि मी एकटा मागे राहिलो. तेव्हा फार वाईट वाटले. दोन दिवसांनी तो भाग डाख देऊन पक्का केला, मला पुन्हा तापवले, आणि त्याच बाईने मान हलवून मला सोडले. तिचे नाव मला ठाऊक नाही. पण मला नापास करणाऱ्या त्या हातांचे उपकार मी विसरलेलो नाही.

जहाजातून वार्ना बंदरात उतरलो, आणि तिथून मालमोटारीने बल्गेरियाच्या डोंगरातल्या त्रोयान गावी, ग्रोझ्दानच्या दुकानात आलो. ग्रोझ्दान पूर्वी रेडिओच्या कारखान्यात तपासनीस होता. कारखाना बंद पडला आणि त्याने नदीकाठी दुरुस्तीचे दुकान टाकले. डोक्यावर कायम लोकरीची टोपी, कपाळावर चढवलेला चष्मा आणि तोंडात कधीच न पेटवलेली सिगारेट. माझ्यासारखे दोन डबे त्याने मागवले होते. आमच्या शेजारच्या फळीवर काचेच्या खिडकीचे, निळे-जांभळे दिवे लागणारे डबे होते. लोक आले की आधी तिकडे बघायचे.

कधी एखाद्याने मला हातात घेतलेच, तर विचारायचा, "ह्यात दिवा नाही?"

"नाही," ग्रोझ्दान म्हणायचा.

"मग हा चालू आहे हे कळणार कसं?"

"संगणक बंद पडला नाही, की समजायचं चालू आहे."

गिऱ्हाईक हसायचे आणि दिव्याचा डबा घेऊन जायचे. असे दोन हिवाळे मी फळीवर काढले. माझा भाऊ पहिल्याच वर्षी एका दवाखान्यात गेला. माझ्यावर धूळ बसली.

मग एका सकाळी पेन्का आली.

पेन्काचे गावात छोटे छापखान्याचे दुकान होते. लग्नपत्रिका, बरण्यांवरची लेबले, शाळेची प्रमाणपत्रे ती छापायची. पण तिचे मुख्य काम निधनाच्या पत्रकांचे. त्या मुलखात माणूस गेला की त्याचा फोटो आणि चार ओळी छापून दारावर, खांबावर, बसथांब्यावर चिकटवतात. पुन्हा चाळिसाव्या दिवशी, पुन्हा सहा महिन्यांनी, पुन्हा वर्षाने. गावात असे एक घर नव्हते ज्याच्या दारावर पेन्काच्या हातचा कागद लागला नव्हता. लोक तिच्याकडे येत तेव्हा त्यांना चार ओळीसुद्धा सुचत नसत. पेन्का त्यांना बसवायची, पाणी द्यायची आणि विचारायची, "त्यांना घरी काय म्हणून हाक मारायचात?" मग ओळी आपोआप सुचत.

त्या दिवशी तिच्या मागोमाग तिचा नवरा मिन्चो आला. मिन्चो सत्तावीस वर्षे गावाची बस चालवून निवृत्त झालेला, दारात मावणार नाही एवढा रुंद माणूस. त्याने संगणकाची पेटी छातीशी धरून आणली होती. ती टेबलावर ठेवून तो भिंतीला टेकून उभा राहिला आणि बुटांकडे बघत राहिला.

"जळाली," पेन्का म्हणाली. "काल दुपारी टप्प असा आवाज आला आणि धूर निघाला. ग्रोझ्दानभाऊ, आतले फोटो तेवढे काढून दे. बाकी मला काही नको."

ग्रोझ्दानने पेटी उघडली. आत काचेच्या खिडकीचा एक दिव्यांचा डबा होता. तो गेला होता आणि जाताना हार्ड डिस्कही घेऊन गेला होता. ग्रोझ्दानने दोन दिवस खटपट केली. तिसऱ्या दिवशी पेन्का आणि मिन्चो आले तेव्हा त्याने टोपी काढून टेबलावर ठेवली.

"नाही निघाले, पेन्का."

मित्रांनो, अकरा वर्षांचे फोटो गेले होते. गावातल्या गेलेल्या माणसांचे चेहरे. कितीतरी घरांनी आपल्याकडचा एकुलता एक फोटो तिला दिला होता, आणि मूळ कागद कुठेतरी हरवून बसले होते. "पेन्काकडे आहे ना," म्हणून सगळे निश्चिंत होते. पेन्का खुर्चीवर बसली. रडली नाही. म्हणाली, "पुढच्या आठवड्यात बेकरीवाल्या स्तोइलच्या आईचं वर्ष आहे. त्याला मी काय तोंड दाखवू? दुकान बंद करते मी. पुरे झालं."

तो जळालेला डबा मिन्चोनेच आणला होता, बायकोच्या वाढदिवसाला, निळा दिवा आवडला म्हणून.

"दुकान बंद करायचं तर कर," ग्रोझ्दान म्हणाला. "पण एका डब्यापायी नको. आधी बघ तरी तुला कशानं फसवलं."

त्याने जळालेल्या डब्याचे स्क्रू काढले. आत जिथे भाग असायला हवे होते तिथे रिकामी भोके होती, आणि काही ठिकाणी नुसता तारेचा तुकडा जोडून काम भागवले होते. तळाशी एक लोखंडाची पट्टी चिकटवलेली होती.

"ही कशाला?" मिन्चोने पहिल्यांदाच तोंड उघडले.

"वजनाला. लोक हातात घेऊन जोखतात ना, त्यांच्यासाठी."

मिन्चोने ती पट्टी उचलून पाहिली. त्याचे कान लाल झाले. "सत्तावीस वर्षं बस हाकली मी," तो म्हणाला, "आणि रंग बघून इंजिन घेतलं!"

मग ग्रोझ्दानने मला फळीवरून खाली काढले. फुंकर मारली. शेजारी दिव्यांचा एक नवा डबा ठेवला. त्याच्याकडे मोटारींच्या हेडलाइटचे जुने बल्ब एका लाकडी पट्टीवर बसवलेले होते. थोडे बल्ब त्याने मला जोडले, तितकेच त्या डब्याला. आणि म्हणाला, "आता कॉफी पिऊ. डबा काय आहे ते त्याच्या कागदावरून कळत नाही. ओझं देऊन तासभर बसवलं की कळतं."

मित्रांनो, मी दोन वर्षांनी जागा झालो होतो. पोटातून ऊब चढली, पंखा फिरला. मला त्या तापलेल्या खोलीची आठवण झाली आणि निळ्या बाह्यांच्या बाईची. मी मन लावून काम करू लागलो. शेजारच्या डब्याचे निळे दिवे झगमगत होते, पण पाव तासात त्याचे बल्ब पिवळट पडले. विसाव्या मिनिटाला करपल्याचा वास आला. ग्रोझ्दानने हात लांब करून त्याचा खटका बंद केला. मला आनंद झाला नाही. तोही कुणाच्या तरी हातांनीच घडला होता. त्याच्या पोटात कमी घातले, त्यात त्याचा काय दोष?

"ह्याच्यावर सातशे वॅट लिहिलंय," पेन्का म्हणाली, "आणि तुझ्या राखाड्यावर चारशेच."

"ह्याचे सातशे क्षणभराचे. राखाड्याचे चारशे दिवसभराचे. तुझ्या यंत्राला लागतात दोनशे. दुप्पट धरलं की तो कधी धापा टाकणार नाही. आतले कपॅसिटर जास्त उष्णता सोसणारे आहेत. वीज अंगावर आली तर आधी स्वतः बंद पडायची अक्कल आहे. आणि बनवणाऱ्यानं सात वर्षांची हमी लिहून दिलीय. ज्याला आपल्या मालाची खात्री नाही, तो सात वर्षं कशाला गळ्यात घेईल?"

पेन्काने तळवा माझ्या पाठीवर ठेवला. मी कोमट होतो. "दिसायला अगदी साधा आहे," ती म्हणाली.

"मीही साधाच आहे," मिन्चो हळूच म्हणाला.

"तू साधा नाहीस, तू भोळा आहेस. उचल तो डबा."

अशा रीतीने माझी निवड झाली. निवडला जाणे म्हणजे काय, हे फळीवर दोन हिवाळे काढलेल्यालाच कळते.

पेन्काने दुकान बंद केले नाही. ती गावात घरोघरी गेली आणि जे घडले ते प्रत्येकाला स्वतः सांगितले. काहींनी तिच्या तोंडावर दार लावले. बेकरीवाला स्तोइल मात्र घरातला माळा उपसून बसला आणि त्याच्या आईचा जुन्या ओळखपत्रावरचा फोटो घेऊन आला. म्हणाला, "ह्यात ती रागावलेली दिसते. पण ती रागावलेलीच असायची." हळूहळू लोकांनी पुन्हा पेट्या, पाकिटे, जुनी पुस्तके चाळली. पेन्काने पेटीत एकाऐवजी दोन हार्ड डिस्क बसवल्या आणि प्रत्येक फोटो दोन्हीकडे ठेवू लागली. दोघींनाही वीज मीच पुरवत होतो.

माझे कामाचे दिवस सुरू झाले. सकाळी आठला पेन्का खटका दाबायची. मी उठायचो. दिवसभर तिची बोटे, छापण्याच्या यंत्राची घरघर आणि माणसांची बोलणी मी ऐकायचो. लग्नपत्रिका घ्यायला आलेली जोडपी अक्षरांच्या वळणावरून भांडायची. निधनाचे सांगायला आलेली माणसे हळू बोलायची. माझी स्तुती कुणी केली नाही. त्या दुकानात दहा वर्षांत माझा विषय निघाला नाही, आणि हीच माझी खरी पावती होती.

फक्त मिन्चो मला विसरला नाही. दर वसंतात, मार्चमध्ये तिथल्या रीतीप्रमाणे वसंताच्या स्वागताला लाल-पांढरे गोंडे छातीला लावून फिरायचे दिवस आले, की तो पेटी उघडायचा. मऊ ब्रशने माझ्या जाळीतली धूळ काढायचा, तोंडाने नव्हे, सायकलच्या पंपाने हवा मारायचा. पेन्काच्या मांजरीला पेटीमागे झोपायची सवय होती, कारण माझी गरम हवा तिला आवडायची. तो तिला उचलून म्हणायचा, "बाईसाहेब, त्याला श्वास घेऊ द्या." काम करताना तो बायकोशी एक शब्द बोलायचा नाही. तीही त्याच्याकडे न बघता कॉफीचा कप शेजारी ठेवून जायची. त्या निळ्या दिव्यांच्या डब्याविषयी दोघे कधीच बोलले नव्हते.

दहाव्या वर्षी एप्रिलमध्ये अवचित बर्फ पडला. झाडांना पालवी फुटलेली, आणि त्यावर ओला, जड बर्फ. त्या सकाळी स्तानाआजी काठी टेकत दुकानात आली. वय ऐंशीच्या पुढे. तिचा धाकटा भाऊ इल्को आदल्या संध्याकाळी गेला होता.

"उद्या दुपारी न्यायचंय त्याला," ती म्हणाली. "पोरी, त्याचा फोटो माझ्याकडे नाही. त्याला फोटो काढून घ्यायचं जिवावर यायचं. एकच होता, लग्नातला, बायकोबरोबरचा. ती गेली तेव्हा त्यानं तो तिच्या शवपेटीत ठेवला."

"माझ्याकडे आहे, आजी," पेन्का म्हणाली. "मागच्याच वर्षी इल्कोकाकांनी त्यांच्या बायकोच्या पत्रकासाठी तो आणला होता. मी त्यातून त्यांचा चेहरा वेगळा काढीन."

तिने फोटो शोधायला घेतला. तेवढ्यात बाहेर अक्रोडाची फांदी बर्फाच्या ओझ्याने मोडली आणि रस्त्यावरच्या तारांवर कोसळली. वीज परत नेणारी, न्यूट्रलची तार तुटली. मित्रांनो, ही तार तुटली की घराघरांत जाणारी वीज बेताल होते. दुकानातला दिवा एकदम पांढराशुभ्र झाला आणि फुटला. शेजारच्या खोलीतला फ्रिज गुरगुरून गप्प झाला. आणि विजेचा लोंढा माझ्या दारात आला.

माझ्या तोंडाशी कोटाच्या बटणाएवढी एक निळी चकती आहे. तिचे काम एकच, नको तेवढी वीज आली की ती स्वतःच्या अंगावर घ्यायची. तिने ती घेतली. तिच्या अंगाचे दोन तुकडे झाले, फ्यूज तुटला आणि मी थांबलो. माझ्या मागे दोन हार्ड डिस्क होत्या आणि त्यांच्यात सगळे गाव होते. त्यांच्यापर्यंत काय पोहोचले, काय नाही, हे मला कळायला मार्ग नव्हता.

दुकानात अंधार झाला. जळका वास सुटला. पेन्का जागेवरून उठलीच नाही. "पुन्हा," एवढेच म्हणाली. "पुन्हा तेच."

मिन्चोने भिंतीतून माझी वायर उपसली आणि डोक्यावर काही न घेता तो बर्फातून ग्रोझ्दानकडे निघाला. अर्ध्या तासाने दोघे आले. ग्रोझ्दान आता थकला होता, पायऱ्या चढताना थांबत होता. पेटीसह मला उचलून ते नदीकाठी ग्रोझ्दानच्या दुकानात घेऊन गेले; तिथली वीज शाबूत होती. पेन्का आणि स्तानाआजीही मागोमाग आल्या. आजीला कुणी घरी जा म्हटले तरी ती ऐकेना.

"डिस्क गेल्या का?" पेन्काने विचारले.

"उघडल्याशिवाय मी सांगत नाही. बस."

त्याने माझ्यातली साठलेली वीज आधी उतरवली. वायर काढल्यावरही ती माझ्या पोटात बराच वेळ राहते आणि माणसाचा जीव घेऊ शकते. मग पत्रा काढला. फुटलेली चकती चिमट्यात धरून पेन्कापुढे केली. "ही बघ. हिनं घेतलं सगळं अंगावर." नवी चकती, नवा फ्यूज लावायला त्याला तास लागला. मग तेच हेडलाइटचे बल्ब मला लावून त्याने मला तासभर बसवले. स्तानाआजीने पदराआडून काढावी तशी ओढणीतून बानित्सा, म्हणजे भोपळ्याचे सारण भरून भाजलेली पोळी, काढली, तिचे चार तुकडे केले आणि सगळ्यांना दिले. कुणी नको म्हणाले नाही.

दुपारी तीनला रस्त्यावरची तार जोडली गेली. पेन्काच्या दुकानात परत आणून मला पेटीत बसवले. पेन्काचे बोट खटक्यावर होते, पण दाबेना. शेवटी मिन्चोने आपले जाड बोट तिच्या बोटावर ठेवले.

मी उठलो. पंखा फिरला. पहिली डिस्क घुमली, मग दुसरी. पडदा उजळला. पेन्काने नाव टाइप केले आणि इल्को समोर आला. तरुण, कान जरा पुढे आलेले, टोपी वाकडी.

स्तानाआजी उठून पडद्याजवळ गेली. "काय रे गाढवा," ती म्हणाली, "लग्नाच्या दिवशी तरी टोपी सरळ घालायचीस." मग तिने तळव्याने पडद्यावरची टोपी नीट केल्यासारखे केले आणि तिथेच उभी राहून खूप वेळ रडली. पेन्काने तिला धरून ठेवले.

आजी पत्रके घेऊन गेल्यावर मिन्चो दाराशी उभा राहिला. "पेन्का," तो म्हणाला, "त्या निळ्या दिव्याच्या डब्याबद्दल मी तुझी कधी माफी मागितली नाही."

"दर वसंतात ब्रश घेऊन बसायचास," पेन्का म्हणाली. "ती काय होती मग? मला काय कळत नव्हतं?"

मिन्चोने नाक ओढले. "कळत होतं तर बोलायचंस तरी."

"बोलले असते तर तू ब्रश खाली ठेवला असतास."

त्या आठवड्यातच पेन्काने सगळ्या फोटोंची तिसरी प्रत काढली आणि ती गावाबाहेर बहिणीच्या घरी नेऊन ठेवली. चांगल्या डब्यावर विश्वास ठेवावा, पण सगळे त्याच्याच भरवशावर टाकू नये, हे तिला आता कळले होते. मला त्याचे वाईट वाटले नाही. उलट हलके वाटले.

पुढे मी आणखी तीन वर्षे काम केले. मग एकदा ग्रोझ्दानने माझ्या पंख्याला कान लावला आणि म्हणाला, "अजून चालेल. पण चालतोय तोवरच उतरवू या. ह्याच्या वयाला आता निवृत्ती शोभते." माझ्या जागी तसलाच दुसरा बिनदिव्याचा राखाडी डबा आला. त्यालाही आधी बल्ब लावून बसवला होता.

मला वाटले, आता भंगारात. पण मिन्चोने मला घरी नेले. ग्रोझ्दानने त्याला माझ्या एका वायरीला छोट्या दिव्यांची पट्टी जोडून दिली. आता मी त्यांच्या बंद व्हरांड्यात आहे. टोमॅटो आणि मिरच्यांची रोपे दह्याच्या रिकाम्या डब्यांत लावलेली आहेत आणि फेब्रुवारीत सूर्य कमी पडतो तेव्हा मी त्यांना उजेड देतो. काम अगदी हलके. पूर्वीच्या मानाने विश्रांतीच म्हणा.

मित्रांनो, माझे एवढेच मागणे आहे. तुमच्या संगणकासाठी माझ्या जातीचा डबा निवडाल तेव्हा दिवे पाहू नका, मोठ्या आकड्याला भुलू नका. तो दिवसभर किती ओझे पेलतो, त्याच्या पोटात काय आहे, बनवणारा किती वर्षे त्याच्या पाठीशी उभा राहतो, ते विचारा. जाणत्या माणसाला विचारायला लाजू नका. त्याला श्वास घ्यायला जागा द्या, वर्षातून एकदा धूळ काढा. आणि काही झाले तरी त्याचा पत्रा स्वतः उघडू नका. ते काम ग्रोझ्दानसारख्यांचे.

मला चांगली माणसे भेटली. नापास करणारी भेटली, पारखणारी भेटली, जपणारीही भेटली. एका डब्याने आणखी काय मागावे? दिवस कलला आहे. मिन्चो चपला ओढत व्हरांड्यात येतो आहे. मिरचीच्या रोपांना आज सकाळीच दुसरी पाने फुटली आहेत आणि त्याने ती अजून पाहिलेली नाहीत.